पाटीवर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते

एका मित्राला साठीनंतर आल्प्समध्ये पायी तीर्थयात्रा करायचीय. आम्ही दोघांनी वारी केलेली आहे, त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न साहजिकच होता, "एवढं काय प्लॅनिंग करायचं? निघायचं आणि चालायचं!"

तर त्याच्यासाठी जे काही वाचून-विचारून ठेवलं ते इथे लिहितोय. ते लिहिताना आपल्याकडच्या एका गोष्टीचा राग आला, तोही लिहितोच.

मार्ग व्हिया फ्रान्चिजेना. कँटरबरी ते रोम. 990 साली कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परत निघाला आणि त्याचे मुक्काम लिहून ठेवले गेले, म्हणून आज आपल्याला ही वाट माहीत आहे. सगळी चालायची तर काही महिने हवेत. मित्र फक्त मधला डोंगरी तुकडा करणार आहे, स्वित्झर्लंडमधल्या मार्तिनीपासून इटलीतल्या आओस्तापर्यंत. साधारण 75 किमी, पाच दिवस.

वारीच्या हिशेबाने किरकोळ वाटतं ना? पण मार्तिनी आहे 471 मीटरवर आणि ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड 2,469 मीटरवर. पहिला मुक्काम ऑर्सिएर, दुसरा बूर-सँ-पिएर. हे दुसरं गाव जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे आणि तिसऱ्या दिवसाची चढण तिथून सुरू होते! मग पुढचे दोन दिवस नुसता उतार, 583 मीटरपर्यंत. दम चढणीला लागतो, पण गुडघे जातात ते उतारावर. काठ्या दोन घे, असं त्याला बजावलंय.

जूनच्या मध्याआधी जाण्यात अर्थ नाही, खिंडीत बर्फ असतो. पहिल्याच दिवशी मार्तिनीच्या पुढे अरुंद दरीतली वाट अवघड आहे. पाऊस असेल तर ऑर्सिएरपर्यंत सरळ ट्रेन पकडावी, त्यात कमीपणा नाही. खरी पंचाईत व्हिसाची. त्याला प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवायचं, आणि डोंगर काही आपली तारीख पाळत नाही. म्हणून एक दिवस मोकळा ठेवायलाच हवा, आणि तो खिंडीच्या अलीकडे. मुक्काम महाग आहेत, हे सांगायला नकोच.

आता मुद्द्याची गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटा राज्यघटनेत आहेत. हो, घटनेत! साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या वाटा डांबराखाली जायला लागल्या, लोकांनी सह्या गोळा केल्या आणि 1979 मध्ये सार्वमत झालं. तीन चतुर्थांशाहून जास्त मतं वाटांच्या बाजूने पडली. 1985 मध्ये कायदा आला. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. एखादी पायवाट रस्त्याने तोडली, तिच्यावर गाड्यांची वर्दळ वाढली, किंवा लांबवर डांबरासारखा पायांना न मानवणारा थर दिला, तर बदली वाट शोधून द्यायची. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी माणसाच्या तळपायाचा विचार केला होता.

आज तिथे 65,000 किमी पायवाटा आहेत. पिवळ्या पाट्या, डोंगरी वाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा. पाट्यांवर बहुधा अंतर नसतं, लागणारा वेळ असतो. पण तो सपाटीवर ताशी 4.2 किमीच्या चालीने काढलेला, विश्रांती न धरता. साठीच्या माणसाने त्यात निम्मी भर घालावी. या पाट्या लावणाऱ्यांत आणि सांभाळणाऱ्यांत स्वयंसेवकही बरेच.

आणि खिंडीत मठ आहे. 1050 च्या सुमारास संत बर्नार्डने वाटसरूंसाठी उभारला. 1964 मध्ये खालून बोगदा झाला, वाहतूक तिकडे वळली, हिवाळ्यात वरचा रस्ता बंद असतो. मठ मात्र बाराही महिने उघडा. गाड्यांची सोय झाली म्हणून चालणाऱ्याची सोय कोणी मोडीत काढली नाही.

आपल्याकडे भक्तीची कमतरता नाही हो. वारीत गावंच्या गावं जेवू घालतात, त्याला जगात तोड नाही. पण ती सोय पालखीबरोबर येते आणि पालखीबरोबर जाते. आषाढी झाली की त्याच रस्त्यावर चालणारा माणूस गाड्यांना अडथळा वाटायला लागतो. 2021 मध्ये पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना वेगळा पदपथ देण्याचं जाहीर झालं. चांगलंच आहे. माझा प्रश्न एवढाच, की तो कार्तिकातल्या मंगळवारी एकट्या म्हातारीलाही चालण्याजोगा राहील का? का त्यावर टपऱ्या आणि पार्किंग? 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निकाल आपल्याकडेही आहे. पण वाट तुटली तर बदली वाट द्यायची, ही सक्ती कोणावर आहे?

"तो श्रीमंत देश आहे" हे उत्तर मला पटत नाही. पायवाटेला पैसा सगळ्यात कमी लागतो. लागते ती कोणाची तरी जबाबदारी, आणि ती नक्की कोणाची हे लिहून ठेवलेलं असावं लागतं.

मित्राने जुलैची तिकिटं काढली आहेत. सरावासाठी म्हणून दर रविवारी दिवेघाट चढतोय, पाठीवर आठ किलो घेऊन. त्याला सांगितलंय, उजाडल्यावरच नीघ, उजव्या कडेने चाल म्हणजे समोरून येणारे ट्रक दिसतील, आणि पिशवीला चमकणारी पट्टी लाव.