तुघलक दिल्ली सोडतो की त्यानं सोडली?

गोष्टीचा सारांश लिहायचा तर ‘राजा जातो’ लिहायचं की ‘राजा गेला’? शाळेत जाणारी मुलं असलेल्या घरात हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच. आपल्याकडे तर मूल मराठीत विचारतं, आजी कन्नडमध्ये उत्तर देते आणि आईबाबा दोघांच्या तोंडाकडे बघत राहतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. गोष्ट सांगताना भूतकाळ, गोष्टीविषयी बोलताना वर्तमानकाळ.

आजी सांगते ती ‘एका गावात एक राजा होता’ अशी. कन्नडमध्येही ‘ओंदु ऊरल्लि ओब्ब राजा इद्द’. ‘होता’ म्हटलं की पोर सरसावून बसतं, मग काय झालं? पण पुस्तक मिटून आपण त्यातल्या माणसांबद्दल बोलू लागलो, की ‘होता’ जरा खटकतं. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. ते एकदा घडलं, म्हणून ‘आलं’. गणपतराव बेलवलकर मात्र मुलांना घरदार देऊन टाकतात, ते दर वेळी पुस्तक उघडलं की देतात. नाटक सुरू होण्याआधी जे घडलं, त्यासाठीही मराठीत छान सोय आहे : बेलवलकर निवृत्त ‘झालेले असतात’. मुलांना हे रूप आवर्जून शिकवावं.

काळ चुकला तर बिघडतं काय, असं विचाराल. गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ घ्या. १९६४ चं हे कन्नड नाटक विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलं, त्यामुळे आपल्या घरांत ते कुठल्या ना कुठल्या भाषेत वाचलेलं असतंच. इतिहासातल्या महंमद बिन तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला ‘नेली’. कार्नाडांचा तुघलक ती ‘नेतो’. त्याच नाटकात ब्राह्मणाचं सोंग घेतलेला अझीझ नावाचा धोबी आहे. ‘अझीझ नावाचा एक धोबी होता’ असं मुलानं लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटणार हाही इतिहासच. उद्या ते मूल इतिहासाच्या पेपरातही अझीझला बसवील!

आता आपल्या दुभाषी घरांची खास अडचण. कन्नडमध्ये ‘होगुत्ताने’ म्हणजे ‘जातो’ आणि ‘जाईल’ही. त्यामुळे घरी कन्नड जास्त बोलणारी मुलं सारांशात मध्येच ‘मग सुलतान दौलताबादला जाईल’ असं लिहून मोकळी होतात. भूतकाळात तर आणखी पंचाईत. ‘नानु पुस्तक ओदिदे’ यात क्रियापद वाचणाऱ्याच्या मागून चालतं. मराठीत ते पुस्तकाच्या मागून जातं, ‘मी पुस्तक वाचलं’. आपली मुलं म्हणतात, ‘मी पुस्तक वाचलो.’ वाचलास ना बाबा, देवाची कृपा!

वर्तमानकाळात ही कटकट नाही. ‘सुलतान राजधानी नेतो’ म्हटलं की ‘ने’, ‘नी’ लावा आणि कर्माशी लिंगवचन जुळवा ही यातायात संपते. म्हणून सारांश वर्तमानकाळात लिहिणं सीमाभागातल्या मुलांना सोपंही जातं. मात्र ‘ने’ टाळायची ती पळवाट होऊ देऊ नका. त्यासाठी घरी रोज एक गोष्ट भूतकाळात सांगायला लावा, मराठीत एकदा, कन्नडमध्ये एकदा. दिवसभर काय केलं एवढं सांगितलं तरी पुरे.

राहता राहिले आपले कीर्तनकार आणि इतिहासाचे मास्तर. ‘महाराज आग्र्याला जातात, दरबारात उभे राहतात’ असं ते रंगवून सांगतात तेव्हा १६६६ साल डोळ्यांसमोर उभं राहतं. ऐकायला फार गोड. पण महाराज खरोखर होऊन गेले. तेव्हा इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ते आग्र्याला ‘गेले’च लिहायचं.