पावसाचे पाणी आणि अतिनील किरण

छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याची सोय आता अनेक घरांत असते. पण रायपूरच्या भनपुरीसारख्या कारखान्यांच्या भागात छपरावर धूळ, काजळी बसते. म्हणून उघडिपीनंतरच्या पहिल्या सरीचे पाणी वाहून जाऊ द्या.

नंतरचे पाणी स्वच्छ दिसले, तरी पक्ष्यांच्या विष्ठेतले जंतू त्यात असू शकतात. अतिनील किरण जंतूंच्या डीएनएवर आघात करून त्यांची वाढ थांबवतात. बंगालमधील पटकीच्या साथीनंतर मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत अशा स्वस्त यंत्राचे काम हाती घेतले. त्यात सुमारे ४० वॅट विजेवर मिनिटाला १५ लिटर पाणी निर्जंतुक होते.

मात्र गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात, म्हणून पाणी आधी गाळून घ्या. दिवा पेटलेला दिसला, तरी जुन्या दिव्याचे किरण क्षीण झालेले असतात; तो मुदतीत बदला. शुद्ध केलेले पाणी झाकून ठेवा आणि लवकर वापरा.

काजळीतली रसायने किंवा धातूंचे अंश या किरणांनी जात नाहीत. अशा भागात प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत हे पाणी धुण्याभांड्यांनाच वापरावे, मुलांना प्यायला देऊ नये.