ख्रिस्ती उपासनेंतील गायन : गाणारे कोण?

उपासनेंत पेटी-तबला असावा कीं गिटार-ड्रम, हा वाद मोठ्या शहरांतील चर्चांत आतां शिळा झाला आहे. तेथें एका मंडळींत मन रमलें नाहीं तर माणूस दुसरी गांठतो. बीडसारख्या जिल्ह्यांत ख्रिस्ती कुटुंबें थोडीं. चार घरें रुसलीं कीं निम्मी मंडळी गेली. म्हणून येथें हा प्रश्न जपून सोडविला पाहिजे.

वडीलधाऱ्यांचें म्हणणें, 'उपासना संगीता'तील पदें ही पूर्वजांची ठेव; तीस धक्का लागूं नये. ठेव खरी; परंतु ती जमा कशी झाली? शेजारच्या अहमदनगरास १८३१ सालीं अमेरिकन मिशन आलें, तेव्हां मिशनरी आपल्या चालीही घेऊन आले. पुढें कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनीं आणि १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन यांना उपासनेंत मानाची जागा दिली. टाळ-मृदंगाचा तो नाद तेव्हां कित्येकांस परका वाटला असल्यास नवल नाहीं. आजचें जुनें तें त्या दिवशींचें नवेंच होतें! त्याहून मागें पाहावें तर अंबेजोगाईस दासोपंतांनीं देह ठेवल्यावर अवघ्या एका वर्षानें, १६१६ सालीं, गोव्यांत फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. आणि पेटीस स्वदेशी म्हणणारांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ती युरोपांतून आलेली असून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनें तिला आपल्या दारांतही उभें केलें नव्हतें.

तेव्हां वाद्य कोणत्या देशाचें, हा आमच्या मतें मुद्दाच नव्हे. मुद्दा हा कीं, गातो कोण? या भागांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबें महार-मांग समाजांतून आलेलीं. ज्यांस देवळाची पायरी चढूं दिली जात नव्हती, त्यांस येथें मंदिराच्या आंत बसून स्वतःच्या भाषेंत मोठ्यानें गातां आलें. एकानें चरण म्हणावा, सर्वांनीं ध्रुवपद उचलावें. निरक्षर म्हातारीसही दोन रविवारांत पद पाठ व्हावें. हा लाभ लहान नव्हता.

आजचीं पुष्कळ नवीं गीतें मोबाइलवरून येतात. तीं बहुधा हिंदी वा इंग्रजी असतात व एकट्या गायकाच्या गळ्यास अनुसरून रचलेलीं असतात. माइक धरून चौघे गातात, मागच्या रांगा पडद्यावरील अक्षरें पाहत उभ्या राहतात. ही मंडळी कीं प्रेक्षक? मातृभाषेंतील उपासनेस व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं कॅथलिकांस मोकळीक दिली. जी भाषा एवढ्या उशिरा वेदीपर्यंत पोंचली, ती तरुणांनींच पुनः बाहेर घालवावी काय?

मात्र दोष तरुणांवरच लादणें अन्यायाचें होईल. पदें रेंगाळत म्हणावयाचीं, चाल बिघडली तरी सुधारावयाची नाहीं, मुलांस तबला शिकवावयाचा नाहीं, आणि कोणी कीबोर्ड आणला कीं कपाळास आठ्या घालावयाच्या, ही वडिलांची रीतही तितकीच घातक आहे.

नवे भोंगे विकत घेण्यापूर्वीं पंचांनीं त्याच पैशांतून वर्षभर एक संगीतशिक्षक ठेवावा. ओवीस गिटारची साथ लाभली तर बिघडत नाहीं. हलगी आली तर फारच उत्तम. तरुणांनीं मराठींत नवीं पदें रचावीं, वडिलांनीं तीं शिकावीं. आणि तीन रविवार झाल्यावरही जें गीत मागच्या रांगेंतून उमटत नाहीं, तें, जुनें असो वा नवें, बाजूस ठेवावें.