फळा बदलला, प्रश्न कधी बदलणार?

परळच्या भोईवाड्याशी आपल्या सातारा जिल्ह्याचे नाते जुने आहे. गिरणीत, गोदीत, माथाडीच्या कामावर आपल्याकडची माणसे गेली आणि तिथल्या चाळींतून राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, तरी काही घरे अजून तिथे आहेत. हल्ली मात्र गावाकडचा माणूस भोईवाड्यात उतरतो तो बहुधा टाटा किंवा केईएम रुग्णालयाच्या कामासाठीच. अस्मादिकांनाही चुलत्यांना घेऊन गेल्या पावसाळ्यात तसेच जावे लागले. मुक्काम भाऊबंदांच्या खोलीत होता. त्या घरातला मुलगा सातवीत. संध्याकाळी दिवाणावर बसून त्याने जे सांगितले ते ऐकून हा लेख लिहावासा वाटला.

त्या दिवशी त्यांच्या वर्गात स्मार्ट बोर्डावर जवळच्याच हिंदमाता चौकाचा नकाशा लावला होता. दरवर्षी टीव्हीवर कमरेएवढ्या पाण्यातून चालणारी माणसे दाखवतात, तोच हा चौक. बाईंनी विचारले, इथे पाणी का तुंबते? प्रत्येक गटाने आधी आपला अंदाज बोर्डावर लिहायचा. बहुतेकांनी लिहिले, नाल्यात प्लास्टिक अडकते. बाई चूकही म्हणाल्या नाहीत आणि बरोबरही म्हणाल्या नाहीत. बोर्डावर दोन पट्ट्या होत्या, एक पावसाची आणि एक भरतीची. मुलांनी बोटाने त्या सरकवायच्या. पाऊस जोराचा ठेवला आणि ओहोटी ठेवली, तर पाणी निघून जाई. तोच पाऊस ठेवून भरती चढवली की नाल्यांची समुद्राकडची तोंडे पाण्याखाली जात आणि बशीसारख्या त्या खोलगट भागात पाणी भरे. मग मुले आपापसात भांडली, लिहिलेला अंदाज खोडला, नवा लिहिला. शेवटी बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच इंजिनिअर. पाणी कुठे न्याल?" एक गट म्हणाला, मैदानाखाली टाकी बांधू. दुसरा म्हणाला, मग खेळायचे कुठे? हा वाद मिटला तेव्हा बाईंनी सांगितले, की महापालिकेने अलीकडच्या वर्षांत खरोखरच परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली अशा टाक्या बांधल्या आहेत.

हे सांगून झाल्यावर पोरगा मला म्हणाला, "काका, आमच्या इथलं पाणी जायला वाट नाही म्हणून तुंबतं. मग गावच्या विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच कुठं जातं?"

मी सवयीने म्हणालो, "आपल्याकडं पाऊस कमी."

"कमी म्हणजे किती? आणि लागतं किती?"

बारा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला इतक्या सरळपणे एकाही गावात कोणी विचारला नव्हता.

आता आपल्याकडची गोष्ट पाहू. आमच्या भागातल्या एका गावात कंपनीच्या देणगीतून शाळेला मोठा टच पॅनल मिळाला. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे एकदा कामानिमित्त शाळेत गेलो तर त्यावर जलचक्राचा चलचित्रपट चालू होता आणि चाळीस मुले हाताची घडी घालून बघत होती. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य, सगळे पाठ. एकाही मुलाचे बोट त्या दिवशी पॅनलला लागले नाही, कारण "खराब होईल" ही धास्ती. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, रोजची निरनिराळी ॲप, यातून ते वर्गात उभे राहतात हेच पुष्कळ. पण खरे ते सांगितले पाहिजे. लाखाची वस्तू आली आणि तिचा टीव्ही झाला.

शिक्षणशास्त्रात अमेरिकेतल्या बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ साली मांडलेली एक उतरंड आहे. २००१ मध्ये ती सुधारली गेली. खालची पायरी आठवण्याची, तिच्यावर समजण्याची, मग शिकलेले वापरण्याची. तिथून वर फोड करून पाहणे, पारखून निर्णय घेणे आणि नवे काही घडवणे. या वरच्या तीन पायऱ्यांना उच्च स्तरीय विचार कौशल्ये असे भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त असले तरी गोष्ट आपल्या बांधावरची आहे. "हुमणीचा जीवनक्रम सांगा" ही खालची पायरी. "तुमच्या वावरात हुमणी दरसाल एकाच कोपऱ्यात का लागते?" ही वरची.

शेतकरी बंधूंना हे शेतीशाळेवरून चटकन कळेल. ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या निमित्ताने जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुरू केली आणि पुढे आपल्याकडे कृषी विभागाने ती घेतली. तिच्यात भाषण कमी. पाच-पाच जणांचे गट करायचे, सकाळी शेतात जायचे, ठरावीक झाडे निवडून किडी मोजायच्या, मित्रकीटक मोजायचे. मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर चित्र काढायचे. मधोमध पिकाचे झाड, एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र, वर ऊन की आभाळ, खाली जमिनीतली ओल. ते चित्र सगळ्यांपुढे धरून ठरवायचे, औषध मारायचे की थांबायचे. एरवी शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, काय मारू?" आणि दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते. शेतीशाळेत तो प्रश्न "मारायचं का?" असा होतो. एवढ्या एका शब्दाच्या फरकात फवारणीचा खर्च वाचतो. खरे सांगायचे तर कागदावर चित्र काढायची पाळी येईपर्यंत पुष्कळ शेतीशाळाही भाषण आणि चहावर उरकल्या जातात. त्या पापात आमचाही वाटा आहे.

सांगायचा मुद्दा असा, की शेतीशाळेतला तो कागद आणि शाळेतला स्मार्ट बोर्ड यांचे काम एकच आहे. सगळ्यांनी मिळून बघावे, हाताने मांडावे, वाद घालावा आणि ठरवावे. बोर्डाची सोय अधिक इतकीच, की त्यावरच्या गोष्टी हलवता येतात, नकाशावर नकाशा ठेवता येतो आणि मांडलेले साठवून पुन्हा उघडता येते. ही शेवटची सोय सर्वांत मोलाची. जूनमध्ये मुलांनी केलेला अंदाज ऑक्टोबरमध्ये जसाच्या तसा समोर आणता येतो. खडूच्या फळ्यावर तो दुसऱ्या दिवशी पुसला जातो, आणि आपण काय म्हणालो होतो हे मोठ्या माणसांप्रमाणे मुलेही सोयीस्कर विसरतात.

यंत्राने आपोआप काही होत नाही, हे इतरांनी आधीच पैसे खर्चून पाहिले आहे. असा पहिला स्मार्ट बोर्ड १९९१ साली कॅनडाच्या एका कंपनीने काढला. इंग्लंडने २००० नंतर शाळाशाळांतून ते बसवले. लंडनमधल्या माध्यमिक शाळांत याचा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २००७ साली आला. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांत बोर्डामुळे वाढ झाल्याचे त्यात दिसले नाही. आपल्या देशात १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम निघाली आणि २०१९ मध्ये ऑपरेशन डिजिटल बोर्ड. आपल्या राज्यात शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल केली आणि ती पाहून गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर तर 'आमची शाळा डिजिटल' असे फलक जागोजागी लागले. लोकांनी पदरमोड करून शाळेला दिले ही मोठी गोष्ट आहे. पण फळा आला आणि प्रश्न जुनेच राहिले, असे बहुतेक ठिकाणी झाले.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. "कमी म्हणजे किती?" याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात दोन टोकांचे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माणमध्ये साडेचारशेच्या आसपास. एवढेच दोन आकडे आणि जिल्ह्याचा उठावाचा नकाशा बोर्डावर ठेवला आणि "ढग कुठे रिकामे होतात?" असे विचारले, तर सातवीचा वर्ग पर्जन्यछायेपर्यंत आपल्या पायांनी पोहोचतो.

पुढचा हिशेब तर गावाने मुलांकडून करून घ्यावा असाच आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. समजा गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर. आभाळातून पडलेले एकूण पाणी झाले ३६० कोटी लिटर. आकडा ऐकून मुले म्हणणार, पुष्कळ आहे की! आता बोर्डावर त्यातून एकेक वाटा ओढून काढायचा. दोन हजार माणसांना माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला चार कोटी लिटर. जनावरांचे वेगळे. बाजरीच्या एका हेक्टरला हंगामात साधारण ३५० मिलिमीटर, म्हणजे ३५ लाख लिटर. पाटपाण्यावरच्या उसाला सुमारे २,५०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी अडीच कोटी. भागाकार केला की १४४ हेक्टर उसात गावावर पडलेला सगळा पाऊस संपतो. आणि हे ओढ्याने वाहून गेलेले व उन्हाने उडालेले पाणी न धरता! ऊस ठिबकवर घेतला तर? उरमोडी किंवा जिहे-कठापूरचे पाणी आले तर? नाला-बांध घातला तर? प्रत्येक "तर" म्हणजे बोर्डावरची एकेक पट्टी, आणि ती सरकवली की खालची शिल्लक बदलते. याला एक ठरलेले उत्तर नाही. म्हणूनच हा धडा वरच्या पायऱ्यांचा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. तिथल्या मोठ्या माणसांनी जे अंगवळणी पाडले, ते आपल्या मुलांना बोर्डावर खेळता खेळता का येऊ नये? यात धोका एकच आहे. पोरगी घरी येऊन विचारील, "आबा, आपण ऊस का लावलाय?" कारखान्याची ठरलेली उचल, हुकमी गिऱ्हाईक, कांद्याच्या भावाचा भरवसा नाही, ही बापाची कारणेही खरीच आहेत. ती कारणेसुद्धा तिने बोर्डावर मांडावीत. पाणी एका पारड्यात आणि पैसा दुसऱ्यात ठेवून पारखावे. बापाला उलट उत्तर दिले म्हणून तिला गप्प बसवू नये, एवढी आमची विनंती.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (कालपरवापर्यंतचे आपले ग्रामसेवक) यांना थोडे स्पष्ट बोलतो. शाळेला बोर्ड घेण्याचा ठराव करताना किंमत, इंच आणि वॉरंटी विचारता, तसे शाळा व्यवस्थापन समितीत एक प्रश्न आणखी विचारा, की मुलांचा हात त्याला रोज लागणार का? वीजबिल कोण भरणार हेही त्याच बैठकीत लिहून घ्या. बिल थकून मीटर कापलेल्या शाळेत धूळ खात पडलेला बोर्ड आम्ही पाहिला आहे. आणि बोर्ड नसेल तर अडून बसू नका. वरचा सगळा हिशेब खडूने किंवा दोऱ्याला अडकवलेल्या पुठ्ठ्यांनीही होतो.

बोर्डापेक्षा दुर्मीळ वस्तू आहे ती गावचे स्वतःचे आकडे. ते गावानेच द्यायचे असतात. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका वाटल्या गेल्या. त्या कपाटात, पत्र्याच्या पेटीत, काही तर देवाच्या फोटोमागे आहेत. त्या एकदा शाळेत आणून गावच्या नकाशावर मांडल्या, तर सेंद्रिय कर्ब कुठल्या शिवारात किती आहे ते पोरे रंगवून दाखवतील. पाच-सहा विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला दोरीला दगड बांधून मोजता येते. मंडळाचा पाऊस कृषी विभागाकडे मिळतो, पण मंडळात पाऊस पडला म्हणजे तुमच्या वाडीवर पडला असे नव्हे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमच्या हद्दीतल्या दोन शाळांनी पर्जन्यमापक मागितला आहे. पैकी एकीची जागा परवा पाहून आलो. भिंत किंवा झाड जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो बसवावा लागतो, त्यामुळे पटांगणाच्या मधोमधच जागा निघाली आणि कबड्डीचे मैदान सरकवावे लागले. सकाळी साडेआठला नोंद घ्यायची. सुट्टीच्या दिवशी कोणी घ्यायची यावर सहावी आणि सातवीत भांडण चालू आहे. कुंपण मुलेच घालणार आहेत, कारण शेळ्या येतात.