बियाण्याची घडण कोणाच्या हिशेबाने?

कोणतीही वस्तू घडविताना घेतलेला निर्णय कोणाच्या तरी व्यवसायाचे उद्दिष्ट साधत असतो. यंत्राच्या बाबतीत हे सहज ध्यानात येते. बियाण्याच्या बाबतीत येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कापसाची मीमांसा करताना पाऊस, भाव आणि कर्ज यांची चर्चा होते. बियाणे कोणाच्या हिशेबाने घडले, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली, ती तीन संकरित वाणांच्या रूपाने. अमेरिका व ऑस्ट्रेलियात हे तंत्र प्रामुख्याने सरळ वाणांतून आले. सरळ वाणाची सरकी राखून पुढल्या वर्षी पेरता येते. संकरित वाणाची पेरल्यास पीक एकसारखे येत नाही व उत्पन्न घटते. साहजिकच दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा हक्क दिला. तेव्हा संकर हेच कंपन्यांच्या गुंतवणुकीचे कुलूप ठरले. यात कपट शोधण्याचे कारण नाही. संकरित कापसाची लागवड देशात १९७० पासूनच होती, आणि नफा हे कंपनीचे रास्त उद्दिष्ट आहे.

परंतु कोरडवाहू शेतकऱ्याचे उद्दिष्ट निराळे आहे: बेताचा खर्च, आणि जमिनीतील ओल सरण्यापूर्वी पदरात पडणारे पीक. महाग बियाणे विरळ लावले जाते. झाड मोठे होते, बहर लांबतो. हलक्या जमिनीत बोंडे भरण्याच्या वेळीच ओल संपते, आणि लांबलेला हंगाम गुलाबी बोंडअळीच्या पथ्यावर पडतो. ही अळी बीटीला पुरून उरली, तसा फवारणीचा भार वाढला. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस जण दगावले. औषधांची घातक मिश्रणे व संरक्षक साधनांचा अभाव ही त्याची कारणे खरीच. तथापि इतकी फवारणी का करावी लागली, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

कमी मुदतीची, आटोपशीर बांध्याची वाणे दाट लावण्याचा मार्ग नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने दाखविला आहे. राखता येणाऱ्या बियाण्यात खासगी कंपनीला फारसा लाभ नाही. म्हणूनच ते पुरविण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्था व कृषी विद्यापीठांवर येते. नव्या वाणाला मान्यता देताना उत्पन्न किती, हे विचारले जातेच. ते कोणाच्या गरजेसाठी घडले, हेही यापुढे विचारले गेले पाहिजे.