क्षमतेचे इंग्रजी आणि कायद्यातील ‘कॉम्पिटंट’

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन लाभले आहे. परदेशी ग्राहकास पत्र पाठवायचे असो वा मुलामुलींचा नोकरीचा अर्ज, आपली क्षमता इंग्रजीत मांडावीच लागते. नेमक्या त्याच वाक्यात दोष राहिला, तर वाचणाऱ्यास क्षमतेविषयीच शंका येते.

मराठीत आपण ‘पुरविण्यास समर्थ’ म्हणतो. त्या सवयीने ‘वी आर केपेबल टू सप्लाय’ असे लिहिले जाते. ‘केपेबल’नंतर मात्र ‘ऑफ’ येते आणि क्रियापदास ‘इंग’ लागते : ‘केपेबल ऑफ सप्लाइंग’. ‘टू’ हवे असेल तर ‘एबल टू सप्लाय’ लिहावे. अर्थातही सूक्ष्म भेद आहे. ‘केपेबल’ म्हणजे अंगची कुवत. ‘एबल’मध्ये त्या वेळची परिस्थितीही येते. सूत न मिळाल्यास कारखाना ‘केपेबल’ असूनही ‘एबल’ नसतो.

सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. एका प्रसंगी साधलेले असे कार्य सांगताना ‘कुड’ नव्हे, ‘वॉज एबल टू’ योजावे. तसेच ‘प्रोफिशियंट इन’, ‘गुड ॲट’ लिहावे. आणि ‘कोप विथ’मध्ये ‘अप’ घुसडू नये.

‘कॉम्पिटंट’ या शब्दाबाबत विशेष सावध राहावे. अर्जात त्याचा अर्थ ‘कामापुरता सक्षम’ एवढाच. प्रावीण्य सांगायचे असल्यास तो अपुरा पडतो. करार कायद्यात तर त्याचा कौशल्याशी संबंधच नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 11 नुसार सज्ञान, सुबुद्ध आणि कायद्याने अपात्र न ठरविलेली व्यक्तीच करारास ‘कॉम्पिटंट’ असते. सात रस्त्यावरील दुकानाचा गल्ला आणि खतावणी लीलया सांभाळणारा सतरा वर्षांचा मुलगा कितीही ‘केपेबल’ असला, तरी करारास ‘कॉम्पिटंट’ नाही. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहोरीबीबी खटल्यात दिला. भागीदारी कायदा, 1932 चे कलम 30 अशा मुलास सर्व भागीदारांच्या संमतीने पेढीच्या केवळ लाभांत सामावून घेऊ देते; पूर्ण भागीदार होऊ देत नाही.

म्हणून घरातील होतकरू मुलाची मुक्तकंठाने प्रशंसा करावी. पण करारनाम्यावर त्याची स्वाक्षरी घेण्यापूर्वी जन्मतारीख अवश्य पाहावी.