रात्री वाटा, माणसं वाटू नका

आमच्या घरात कुठल्याही बेताची सुरुवात कागदापासून होते. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला रकाने आखल्याशिवाय विचार सुचत नाही. कादंबरी लिहायला बसलो तरी हा आधी पात्रांची खाती उघडतो, असं आमची ही आल्यागेल्याला सांगत असते. तेव्हा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरलं, त्या रात्री मी नेरूळच्या घरी जेवणाच्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो, यात नवल काहीच नव्हतं.

माणसं एकूण नऊ. आम्ही दोघं. पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि त्यांची दोन मुलं. नाशिकहून मुलगी, जावई आणि त्यांची नऊ वर्षांची लेक. मुलगा आणि सूनबाई दोघंही संगणकाच्या कंपन्यांत. जावई माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, मुलगी एका पतपेढीत अर्धवेळ काम करते. दोन्ही घरं सुखी आहेत. पण एका घरात महिन्याला जेवढं येतं, तेवढं दुसऱ्या घरात यायला चार महिने लागतात. ही गोष्ट आम्ही सगळे जाणतो आणि कुणीच बोलत नाही. बहुतेक घरांत असंच असतं.

खोपोली-पाली रस्त्यावरचं हे उद्यान २०१३ साली सुरू झालं. चित्रपटसृष्टीतल्या मनमोहन शेट्टींनी ते उभारलं, पुढे २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. २०१५ साली उद्यानाला लागूनच नोव्होटेल हे मोठं हॉटेल झालं. खोलीच्या खिडकीतून पाळणे दिसावेत, सकाळी चालत दारात जावं, अशी सोय. त्याखेरीज खोपोली आणि आसपासच्या रस्त्यांवर साधी लॉज, घरगुती रिसॉर्टं, शेतघरं आहेतच. दरांत जमीन-अस्मानाचा फरक. मुलगा म्हणाला, राहायचं तर उद्यानाच्या हॉटेलात. मुलगी म्हणाली, आम्हांला कुठेही चालेल. मराठी घरात ‘आम्हांला कुठेही चालेल’ या वाक्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगायला नको.

तोडगा आला न्यू जर्सीहून. माझा पुतण्या तिथे असतो आणि मुलांना घेऊन फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला दोनदा जाऊन आला आहे. फोनवर म्हणाला, ‘काका, इकडे लोक सर्रास स्प्लिट स्टे करतात. दोन रात्री स्वस्त हॉटेलात, दोन रात्री महागड्या.’ मला ती कल्पना फार आवडली. मी लगेच तक्ता आखला. मुलाचं कुटुंब तिन्ही रात्री उद्यानाच्या हॉटेलात. मुलीचं कुटुंब तिन्ही रात्री रस्त्यावरच्या साध्या रिसॉर्टात. आणि आम्ही म्हातारा-म्हातारी, पहिली रात्र लेकीकडे, दुसरी लेकाकडे, तिसऱ्या रात्रीचं मागाहून ठरवू. ज्याला जे झेपेल ते त्यानं घ्यावं, कुणाचं कुणावर ओझं नाही आणि आई-बाप दोघांच्या वाट्याला. जमा-खर्च पै-पैशानं जुळला. मी कागद सगळ्यांना पाठवला आणि सगळ्यांनी तासाभरात ‘हो’ कळवलं.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. कर्जाच्या ज्या प्रकरणावर कुणीच एक शंका काढत नाही, ते प्रकरण पुन्हा उघडून बघावं, हे मी हाताखालच्या कित्येक मुलांना शिकवलं होतं.

शंका काढली ती नातीनं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ‘आजोबा, पहिल्या रात्री तुम्ही आमच्या हॉटेलात आणि दुसऱ्या रात्री दादाच्या हॉटेलात ना?’ मी म्हटलं, हो. ‘मग मी संध्याकाळी दादाच्या हॉटेलात पोहायला आले, तर ते मला आत सोडतील का? दादा म्हणतो, तिथे राहणाऱ्यांनाच सोडतात.’

मी काहीतरी सारवासारव केली आणि फोन ठेवला. पण ‘आमचं हॉटेल’ आणि ‘दादाचं हॉटेल’ हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. सहलीला अजून महिना होता आणि मी नातवंडांमध्ये एक कुंपण घालून मोकळा झालो होतो. तेही पट्टीनं, सरळ रेषेत.

त्या रात्री मला १९९५ सालचा प्रवास आठवला. आमच्या शाखेतली पाच कुटुंबं एल.एफ.सी. घेऊन कन्याकुमारीला निघाली होती. मी नुकताच अधिकारी झालो होतो, तेव्हा मला पहिल्या वर्गाची मुभा. बाकी चौघं दुसऱ्या वर्गात. त्या काळी आमच्या डब्यातून त्यांच्या डब्यात आतून जायला वाट नव्हती. मुलगा आठ वर्षांचा होता. गाडी स्टेशनात थांबली की तो उडी मारून फलाटावरून पळत दुसऱ्या वर्गाच्या डब्याकडे जायचा, कारण त्याचे सगळे मित्र तिकडे पत्ते खेळत होते. शिट्टी झाली की मी त्याला धरून आणायचा. शेवटी एका स्टेशनात गाडी त्याच्यादेखत हलली आणि ही इतकी घाबरली, की मी त्याला पुन्हा खाली उतरू दिलं नाही. मऊ गादीवर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. म्हणजे झोपला असं मी समजलो.

सकाळी मुलाला फोन केला आणि विचारलं, तुला तो प्रवास आठवतो का? तो जरा थांबून म्हणाला, ‘बाबा, मी रात्रभर जागा होतो.’ मग मी त्याला त्याच्या भाचीचा प्रश्न सांगितला. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

मुलगा मनानं मोठा आहे. म्हणाला, ‘मग सगळ्यांचं मी भरतो. नऊ माणसं, एकच हॉटेल. विषय संपला.’ विषय संपला नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘दादा भरेल आणि एका शब्दानं बोलून दाखवणार नाही, हे मला माहीत आहे. तेच जड जातं. हे तिन्ही दिवस पाहुण्यासारखे वागतील. चहा मागवतानाही दर बघतील.’ भावाचा हात कितीही मोकळा असला, तरी बहिणीच्या नवऱ्याला त्या हाताखाली उभं राहावं लागतं. ज्यांनी संसार केला आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

मग मी पुतण्याचा सल्ला पुन्हा नीट तपासला आणि माझी चूक सापडली. डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झालं तेव्हा तिथे एक उद्यान आणि दोन हॉटेलं होती. आज तिथे चार मोठी उद्यानं आहेत. १९८२, १९८९ आणि १९९८ साली एकेकाची भर पडत गेली. जागा इतकी अफाट की एका टोकाच्या हॉटेलातून दुसऱ्या टोकाच्या उद्यानात जायचं म्हणजे बसचा प्रवास. म्हणून लोक दोन दिवस एका उद्यानाजवळ राहतात, मग बाडबिस्तरा हलवून दुसऱ्या उद्यानाजवळ जातात. त्यातही कुणी पैसे वाचवायला आधी स्वस्तात राहतो आणि शेवटच्या रात्री चैन करतो. पण हलतं ते सगळं कुटुंब. पुतण्यानं मला रात्री वाटायला सांगितलं होतं. मी माणसं वाटली.

आणि ही चूक माझ्या एकट्याची नसावी. पूर्वी लग्नाच्या जानोशात कलेक्टर झालेला मामा आणि गावाकडचा काका एकाच सतरंजीवर झोपायचे, आणि सकाळी एकाच बंबाच्या पाण्यासाठी ताटकळायचे. अष्टविनायकाच्या यात्रेत सगळ्यांना धर्मशाळेची एकच ओसरी. त्यात गैरसोय होती, घोरणं होतं, भांडणंही होती. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला आता स्वतंत्र न्हाणीघर लागतं. पण तेव्हा निवडीला वावच नसल्यामुळे पाकिटं दिसत नसत. आता दर दहा मैलांवर प्रत्येक पाकिटाच्या मापाचं हॉटेल आहे. सोय वाढली, तसं एकत्र राहणं आपोआप होईनासं झालं. ते ठरवून करावं लागतं.

आमची नवी मुंबई तर उत्पन्नगटांवरच आखलेली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं घरं बांधली ती अल्प गट, मध्यम गट, उच्च गट अशी. आजही इथले जुने लोक पत्ता सांगताना ‘एल.आय.जी.त राहतो’ असं सहज सांगतात. शहराला तसं करावंच लागतं, नाहीतर गरिबाला घर मिळणार नाही. पण शहराचा आराखडा घरच्या सहलीला लावायचा नसतो.

नवा कागद आखला तो असा. पहिल्या दोन रात्री सगळ्यांनी साध्या रिसॉर्टात राहायचं. तिथला खर्च तिन्ही घरांनी माणशी वाटून घ्यायचा. कुठलं रिसॉर्ट ते मुलीनं निवडायचं, कारण ज्याचं पाकीट सर्वांत लहान त्याला सर्वांत आधी विचारावं, आणि चारचौघांत न विचारता एकट्याला विचारावं. तिसरी रात्र उद्यानाच्या हॉटेलात, नऊच्या नऊ जणांची, आणि ती आम्हा दोघांकडून. लग्नाला चाळीस वर्षं झाली ती आमच्या, तेव्हा मेजवानी आमची. मुदत ठेवीचं एक वर्षाचं व्याज त्यात गेलं. भावाकडून घेताना जो संकोच होतो, तो आई-बापाकडून घेताना होत नाही, आणि लेकाला-लेकीला सारखंच मिळालं की हिशेब उरत नाही. ज्यांच्यापाशी अशी ठेव नसेल त्यांनी तिन्ही रात्री साध्या जागी काढाव्यात, किंवा एक रात्र कमी करावी. पण सगळ्यांनी.

हॉटेल बदलायचं म्हटलं की अर्धा दिवस फुकट जातो, अशी तक्रार असते. पहिल्या ठिकाणची खोली सकाळी सोडावी लागते, दुसऱ्या ठिकाणची दुपारनंतर मिळते. आम्ही तो अर्धा दिवस पालीच्या बल्लाळेश्वराला दिला. पहिल्या दिवशी जाताना महडचा वरदविनायक केला होता, त्यामुळे हिचे दोन गणपती झाले. उद्यान मधल्या दिवशी, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. म्हणजे पाय दुखायचे ते दुखून घेतात आणि शेवटचा दिवस आरामाला उरतो.

उद्यानात मी आणि ही ‘मिस्टर इंडिया’च्या खेळात बसलो. तो चित्रपट १९८७ सालचा, मुलाच्या जन्माच्या वर्षाचा. ‘नायट्रो’ नावाच्या त्या भयंकर रोलर कोस्टरकडे मी फक्त खालून पाहिलं. जावई आणि मुलगा शेजारी-शेजारी बसून वर गेले आणि खाली आले तेव्हा दोघांचाही रंग सारखाच उडाला होता.

साध्या रिसॉर्टात गरम पाणी बादलीनं आणावं लागलं आणि रात्री व्हरांड्यात नऊ जणांचा बदाम सात रंगला. मोठ्या हॉटेलात गाद्या उत्तम होत्या आणि जो तो आपापल्या खोलीत लवकर झोपला. म्हणून साधं ते चांगलं आणि महाग ते वाईट, असा निष्कर्ष मी काढणार नाही. तो खोटा होईल. नात दुपारी तीनला पाण्यात उतरली ती बोटं सुरकुतली तरी बाहेर यायला तयार नव्हती, आणि तिला तिथे कुणी अडवलं नाही. तिच्या दादानं तिला पाण्याखाली श्वास धरायला शिकवलं.

परतीच्या वाटेवर ती आमच्या गाडीत होती. पनवेलजवळ वाहनांच्या रांगेत अडकलो, तेव्हा हिनं सहज विचारलं, ‘काय गं, कुठलं हॉटेल जास्त आवडलं?’

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, ‘आपली दोन्ही छान होती.’

मी पुढे बसलो होतो. खिशातला हिशेबाचा कागद काढला आणि न बघताच परत घडी करून ठेवला.